आरंभमूल्याविना चल : आज्ञावलीतील मूक चूक

संगणकाच्या आज्ञावलीत मूल्य साठविण्यासाठी राखलेल्या, नाव दिलेल्या जागेला चल अर्थात व्हेरिएबल म्हणतात. चल घोषित झाले, परंतु त्याला पहिले मूल्य देण्याआधीच ते वाचले गेले, तर ते आरंभमूल्याविना वापरलेले चल ठरते. चूक छोटी दिसते. मात्र ती अनेकदा कोणतीही खूण न दाखविता चुकीचे उत्तर देते.

बीदर, भालकी व कलबुर्गी या सीमाभागातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती बहुधा सी भाषा शिकताना प्रथम भेटते. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षालाच सी भाषेचा विषय आहे. तुरीसाठी प्रसिद्ध असलेल्या कलबुर्गीचेच उदाहरण घेऊ. समजा, बाजारात आलेल्या तुरीच्या क्विंटलांची बेरीज करणारी आज्ञावली लिहिली. ‘एकूण’ हे चल घोषित केले आणि प्रत्येक गाडीचे वजन त्यात मिळवीत गेलो. पण आरंभी ‘एकूण’ला शून्य दिलेच नाही. काटा शून्यावर न आणता माल तोलावा, तसे हे झाले. सर्व बेरजा बरोबर, पण हिशेब चुकलेला.

याचे कारण स्मृतीच्या व्यवस्थेत आहे. फलनातील स्थानिक चलांना स्टॅक या भागात तात्पुरती जागा मिळते. आधीचे फलन संपल्यावर ती जागा पुसली जात नाही. पाटीवर जुने अक्षर तसेच राहते. तेथे योगायोगाने शून्य असेल, तर आज्ञावली बरोबर चालते. दुसऱ्या संगणकावर, किंवा कंपायलरचा पर्याय बदलताच, तीच आज्ञावली वेगळे उत्तर देते. याउलट जागतिक व स्टॅटिक चलांना सी भाषा स्वतःच शून्य देते.

धोका जुन्या मूल्यापुरताही नाही. सी भाषेच्या नियमांनुसार असे वाचन बहुतेक वेळा ‘अनिश्चित वर्तन’ या वर्गात मोडते. त्यामुळे वेग वाढविताना कंपायलर असे वाचन घडणारच नाही असे गृहीत धरू शकतो आणि एखादी तपासणीच गाळून टाकू शकतो.

अन्य भाषांनी निरनिराळे मार्ग स्वीकारले. जावामध्ये स्थानिक चलाला प्रत्येक मार्गाने मूल्य मिळते, हे सिद्ध झाल्याशिवाय भाषांतरच होत नाही. रस्ट व स्विफ्ट यांचा नियमही असाच कडक आहे. गो भाषेत प्रत्येक चल आपोआप शून्यमूल्याने सुरू होते. पायथनमध्ये मूल्य न मिळालेले नाव वाचताच आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. सी प्लस प्लसच्या २०२६ च्या आवृत्तीसाठीही स्थानिक चलांचे असे वाचन ‘अनिश्चित’ऐवजी ‘सदोष’ वर्तन ठरविण्यात आले.

कंपायलर हे दोष शोधतो तो प्रवाह-विश्लेषणाने : आज्ञावलीचे सर्व संभाव्य मार्ग आखून मूल्य कोठे दिले व कोठे वाचले, हे तो ताडून पाहतो. या पद्धतीची सर्वसाधारण मांडणी गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये केली. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह या विषयावर लिहिलेला ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि कोणता मार्ग प्रत्यक्ष घडेल, हे प्रत्येक आज्ञावलीबाबत आधीच ठरविता येत नाही. म्हणून जीसीसी कंपायलर ‘आहे’ आणि ‘असू शकेल’ असे दोन वेगळे इशारे देतो. २०२२ च्या जीसीसी १२ पासून स्थानिक चले आपोआप शून्याने भरण्याचा पर्यायही मिळाला.

मात्र इशारा समजून न घेता तो बंद करणे अधिक घातक ठरू शकते. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत, आरंभमूल्याविना स्मृती वाचली जात असल्याचा इशारा थांबविण्यासाठी ओपनएसएसएलमधील मजकूर वगळला गेला. त्याबरोबर खरी यादृच्छिकता मिसळणारी ओळही गेली. उरली ती केवळ प्रक्रिया-क्रमांकाची विविधता, म्हणजे जेमतेम ३२ हजार पर्याय. मे २००८ मध्ये दोष उघड झाला आणि त्या काळात बनलेल्या गुप्त किल्ल्या बदलाव्या लागल्या.

आपोआप मिळालेले शून्यही नेहमी योग्य नसते. बेरजेचा आरंभ शून्याने होतो, गुणाकाराचा एकाने. आणि सर्वांत कमी भाव शोधताना पहिला भाव हाच आरंभ असतो. म्हणून घोषणेच्या ओळीतच विचारपूर्वक मूल्य द्यावे, ते ठाऊक नसल्यास घोषणा पुढे ढकलावी आणि कंपायलरचे इशारे सुरू ठेवावेत. भाषा जुना आकडा पुसून देऊ शकते. योग्य आकडा कोणता, हे आज्ञावली लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.