मतपेटीतले दोन प्रश्न : क्वेबेकच्या निवडणुका आणि वेगळे होण्याचा कौल

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ३० नोव्हेंबर १९९८ रोजी विधिमंडळाची निवडणूक झाली. लिबरल पक्षाला ४३.५५ टक्के मते मिळाली आणि पार्ती केबेक्वा या सत्ताधारी पक्षाला ४२.८७ टक्के. म्हणजे लिबरल पक्ष सुमारे सत्तावीस हजार मतांनी पुढे होता. जागांचा हिशेब मात्र उलटा लागला. एकूण १२५ जागांपैकी पार्ती केबेक्वाला ७६ आणि लिबरल पक्षाला ४८. मारिओ दुमाँ या तरुण नेत्याच्या तिसऱ्या पक्षाला जवळजवळ १२ टक्के मते मिळूनही एकच जागा मिळाली, ती त्याची स्वतःची. हरलेल्याला मते जास्त आणि जिंकलेल्याला जागा जास्त, हा प्रकार आपल्याकडेही अपरिचित नाही. परंतु इथे जिंकलेला पक्ष प्रांताला कॅनडापासून वेगळे करण्यासाठीच स्थापन झालेला होता. त्यामुळे या निकालाचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न केवळ पाच वर्षांच्या सत्तेपुरता उरत नव्हता.

१९६६ पासूनचे क्वेबेकचे निकाल आणि दोन सार्वमतांचे आकडे मी शेजारी शेजारी मांडून पाहिले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवली. ‘कारभार कोणी करावा?’ आणि ‘आपला देश कोणता?’ हे दोन प्रश्न नेत्यांनी अनेकदा एकत्र केले, पण मतदारांनी ते फार क्वचित एकत्र होऊ दिले. या लेखात मला तेच दाखवायचे आहे.

क्वेबेकमध्ये फ्रेंच भाषकांची संख्या सुमारे ८० टक्के. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माँट्रियलमधले मोठे उद्योग, बँका आणि वरच्या पगाराच्या नोकऱ्या यांची भाषा इंग्रजीच होती. १९६० नंतर लिबरल सरकारने शिक्षण चर्चच्या हातून काढून घेतले, वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले आणि ‘आपल्या घरात आपणच मालक’ ही भावना जागवली. या कालखंडाला तिथे ‘शांत क्रांती’ म्हणतात. त्या सरकारमधले एक मंत्री होते रने लेव्हेक. ते पुढे लिबरल पक्षातून बाहेर पडले आणि १९६८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली पार्ती केबेक्वा उभा राहिला.

मते आणि जागा यांची फारकत तिथे त्याआधीच दिसली होती. १९६६ मध्ये लिबरल पक्षाला ४७ टक्के आणि युनियन नासियोनाल या पक्षाला ४१ टक्के मते पडली. तरी १०८ पैकी ५६ जागा घेऊन सत्ता युनियन नासियोनालकडे गेली. वेगळे होण्याची मागणी करणारे दोन छोटे पक्ष त्याच निवडणुकीत प्रथम उतरले आणि दोघांना मिळून जेमतेम नऊ टक्के मते मिळाली. लेव्हेक यांच्या पक्षालाही हा फटका बसलाच. १९७० मध्ये २३ टक्के मते आणि ७ जागा, १९७३ मध्ये ३० टक्के मते आणि फक्त ६ जागा. दोन्ही वेळा खुद्द लेव्हेक पराभूत झाले.

इथे पक्षाच्या इतिहासातले निर्णायक वळण आले. क्लोद मोरँ या अनुभवी प्रशासकाने पक्षाला टप्प्याटप्प्याचा मार्ग सुचवला. निवडणूक जिंकली म्हणजे स्वातंत्र्य मिळाले असे मानायचे नाही. आधी चांगला कारभार करून दाखवायचा आणि मग स्वतंत्र सार्वमत घ्यायचे. पक्षातल्या कडव्या गटाला ही माघार वाटली. मतदाराला मात्र त्यामुळे मोकळीक मिळाली. लिबरल सरकारच्या गैरकारभाराला कंटाळलेला माणूस कॅनडात राहूनही पार्ती केबेक्वाला मत देऊ शकत होता. १५ नोव्हेंबर १९७६ रोजी ४१ टक्के मतांवर पक्षाने ११० पैकी ७१ जागा जिंकल्या.

पुढच्याच वर्षी सरकारने फ्रेंच भाषेचा कायदा केला. शाळा, दुकानांच्या पाट्या आणि मोठ्या कंपन्यांचा अंतर्गत व्यवहार यांत फ्रेंचला अग्रक्रम मिळाला. कायदा यशस्वी ठरला आणि त्यातूनच एक विचित्र परिणाम घडला असे मला वाटते. भाषा कॅनडात राहूनही वाचवता येते, हे या पक्षानेच लोकांना दाखवून दिले. २० मे १९८० च्या सार्वमतात सरकारने थेट स्वातंत्र्य मागितले नव्हते. कॅनडाशी आर्थिक संबंध राखून सार्वभौमत्वाची बोलणी करण्याचा अधिकार मागितला होता आणि प्रत्यक्ष बदलापूर्वी पुन्हा सार्वमत घेण्याचे वचनही दिले होते. तरीही जवळजवळ ६० टक्के लोक ‘नाही’ म्हणाले.

आता पुढचा आकडा पाहा. अकरा महिन्यांनी, १३ एप्रिल १९८१ रोजी, याच लोकांनी याच पक्षाला ४९ टक्के मते आणि १२२ पैकी ८० जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवले. सार्वमतात हरवलेल्या सरकारवर निवडणुकीत विश्वास टाकायचा, यात मतदाराचा गोंधळ नव्हता. प्रश्न दोन होते म्हणून उत्तरेही दोन होती.

मराठी वाचकाला इथे गोव्याची आठवण होईल. तिथला प्रश्न देशापासून तुटण्याचा नव्हता, शेजारच्या राज्याला जोडून घेण्याचा होता. हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण मतदाराची रीत तीच दिसते. विलीनीकरणाची मागणी करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आला. जनमत कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी १,७२,१९१ मते संघराज्य प्रदेश राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. त्यानंतर अडीच महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत गोमंतकीयांनी पुन्हा बांदोडकरांच्याच हाती कारभार सोपवला.

क्वेबेकमध्ये मात्र प्रश्न मिटला नाही. १९८२ मध्ये कॅनडाची राज्यघटना ब्रिटनकडून मायदेशी आली, ती क्वेबेक सरकारच्या संमतीवाचून. क्वेबेकचे वेगळेपण मान्य करणारा मीच लेक करार १९९० च्या जूनमध्ये कोसळला. दुखावलेल्या मनांवर पार्ती केबेक्वा पुन्हा उभा राहिला. १२ सप्टेंबर १९९४ च्या निवडणुकीत त्याला ४४.७५ टक्के आणि लिबरल पक्षाला ४४.४० टक्के मते मिळाली. फरक चौदा हजारांहूनही कमी मतांचा होता, पण जागांचा हिशेब ७७ विरुद्ध ४७ असा झाला. मुख्यमंत्री जाक पारिझो यांनी सार्वमताचे वचन आधीच जाहीरपणे दिले होते, त्यामुळे त्यांनी कोणाला फसवले असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या पायावर ते उभे होते तो किती अरुंद आहे, हे जागांच्या आकड्यामुळे झाकले गेले.

३० ऑक्टोबर १९९५ चे सार्वमत जगाने श्वास रोखून पाहिले. ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. ‘नाही’ ५०.५८ टक्के, ‘होय’ ४९.४२ टक्के. अंतर ५४,२८८ मतांचे, आणि बाद ठरलेल्या मतपत्रिका ऐंशी हजारांहून अधिक. निकालाच्या रात्री पारिझो यांनी पराभवाचे खापर पैसा आणि वांशिक अल्पसंख्याकांची मते यांवर फोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. या उद्गाराने चळवळीचे जे नुकसान झाले ते पराभवापेक्षा मोठे होते असे माझे मत आहे. नव्या देशात ‘आपण’ म्हणजे कोण, हा प्रश्न त्या रात्री उघडा पडला.

तो प्रश्न प्रांताच्या उत्तरेकडून आधीच विचारला गेला होता. तिथल्या क्री या मूळ रहिवाशांनी सार्वमताच्या काही दिवस आधी स्वतःचा वेगळा कौल घेतला आणि ९६ टक्क्यांहून अधिक लोकांनी कॅनडातच राहण्याच्या बाजूने मत दिले. क्वेबेकला कॅनडातून निघण्याचा हक्क असेल, तर क्री लोकांना क्वेबेकमधून का नसावा? याचे समाधानकारक उत्तर कोणत्याच व्यासपीठावरून आले नाही.

या पार्श्वभूमीवर २० ऑगस्ट १९९८ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आपला अभिप्राय दिला. क्वेबेकला एकतर्फी बाहेर पडण्याचा अधिकार घटनेत नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातही नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने लोकांनी वेगळे होण्याचा कौल दिला, तर बोलणी करण्याचे बंधन उरलेल्या कॅनडावरही येते. त्यामुळे दोन्ही बाजूंना विजय मिळाल्यासारखे वाटले. ‘स्पष्ट बहुमत’ म्हणजे किती टक्के, हे न्यायालयाने सांगितले नाही; ते ठरवणे राजकारण्यांवर सोडले.

तीन महिन्यांनी आली ती आपण सुरुवातीला पाहिलेली निवडणूक. एका बाजूला मुख्यमंत्री ल्यूसियाँ बुशार, ज्यांच्या वक्तृत्वाने १९९५ मध्ये ‘होय’ची बाजू जवळजवळ जिंकत आणली होती. दुसऱ्या बाजूला ज्याँ शारे, केंद्रातल्या पक्षाचे नेतेपद सोडून क्वेबेक वाचवायला आलेले. लिबरल पक्षाची मते माँट्रियलच्या पश्चिमेकडच्या इंग्रजी भाषक मतदारसंघांत साचलेली होती. तिथे त्यांचे उमेदवार प्रचंड फरकाने निवडून येत, पण जागा एकच मिळे. पार्ती केबेक्वाची मते गावागावांत पसरलेली होती आणि थोड्या थोड्या फरकाने पुष्कळ जागा देऊन जात.

मग वेगळे होण्याच्या बाजूने किती लोक होते? पार्ती केबेक्वाची मते मोजावीत, तर त्यांतल्या अनेकांना फक्त बुशार यांचा कारभार हवा होता. दुमाँ यांची मते त्यात मिळवावीत, तर ते १९९५ मध्ये ‘होय’च्या बाजूला असले तरी आता सार्वमत काही वर्षे बाजूला ठेवा असे सांगत होते. बेरीज कशीही केली तरी ती लबाडीची ठरते.

बुशार यांनी ही बेरीज केली नाही. जिंकण्याजोगी परिस्थिती असल्याशिवाय सार्वमत घेणार नाही, असे ते प्रचारातच सांगत होते. ७६ जागा हाती असूनही त्यांनी सार्वमत पुकारले नाही. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी राजीनाम्याची घोषणा केली, तेव्हा लोकांमधली स्वातंत्र्याची आस पेटवण्यात आपल्याला यश आले नाही, असेच त्यांचे म्हणणे होते. पक्षातल्या अनेकांनी त्यांना कचखाऊ म्हटले. मला ते पटत नाही. विधिमंडळात बहुमत असताना ‘हे बहुमत या कामासाठी दिलेले नाही’ हे ओळखणे सोपे नसते, आणि ओळखून थांबणे त्याहून अवघड.

२००३ मध्ये शारे यांनी सत्ता घेतली. २०१२ मध्ये पार्ती केबेक्वा अल्पमतात सत्तेवर आला, आणि २०१४ मध्ये प्रचाराच्या मध्यावर सार्वमताचा विषय पुन्हा निघताच त्याचा मोठा पराभव झाला. तिसरे सार्वमत त्या काळात झाले नाही. फ्रेंच भाषा, शाळा, इस्पितळे आणि रोजगार यांसाठी लोकांनी या पक्षाला अनेकदा निवडले. सीमारेषा बदलण्यासाठी त्यांनी वेगळी परवानगी मागायला लावली आणि दोन्ही वेळा ती नाकारली. एकदा ठामपणे, एकदा केसभराच्या अंतराने. निवडणुकीत चुकलेला निर्णय पुढच्या निवडणुकीत दुरुस्त करता येतो. सीमेचा निर्णय तसा फिरवता येत नाही. म्हणूनच त्यासाठी मतपेटी वेगळी हवी, प्रश्न उघड हवा आणि उत्तर वाचणाऱ्याच्या मनात संयम हवा. क्वेबेकच्या मतदारांना हे त्यांच्या बहुतेक पुढाऱ्यांपेक्षा आधी कळले होते, असे या आकड्यांवरून मला दिसते.