व्हुकोविच, बिल

व्हुकोविच, बिल : (१३ डिसेंबर १९१८ – ३० मे १९५५). अमेरिकी मोटारशर्यतपटू. आईवडील सर्बियन. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नोजवळ तो वाढला आणि छोट्या मिजेट गाड्यांवर त्याचा हात बसला.

इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत म्हणजे २०० फेऱ्या. १९५२ मध्ये त्याने १५० फेऱ्यांत आघाडी राखली, पण विजय हाताशी असताना स्टीअरिंगने दगा दिला. पुढच्या वर्षी उकाडा असा, की अनेकांनी मध्येच गाडी दुसऱ्याच्या हाती सोपवली. कार्ल स्कारबरो हा चालक तर उष्म्याने दगावला. व्हुकोविच मात्र एकट्याने १९५ फेऱ्या पुढे राहून जिंकला. याला नशीब म्हणणे अन्यायाचे ठरेल.

१९५४ मध्ये एकोणिसाव्या जागेवरून सुटून पुन्हा तोच विजेता.

१९५५ मध्ये आघाडीवर असतानाच, पुढच्या गाड्यांच्या अपघातात सापडून त्याची गाडी भिंतीपलीकडे उडाली आणि त्याचा मृत्यू झाला. त्याच्याच नावाचा मुलगा १९७३ मध्ये याच शर्यतीत दुसरा आला.