नवशिक्याची बांसरी आणि उस्तादाची बांसरी

पाश्चात्त्य धर्तीची आडवी बांसरी, म्हणजेच फ्लूट, विकत घेण्यासाठीं आईबाप मुलाला घेऊन दुकानांत गेले म्हणजे दुकानदार त्यांच्यापुढें दोन पेट्या उघडून ठेवतो. एकींत नवशिक्याची बांसरी असते, दुसरींत कसलेल्या वादकाची. दोन्हींचा आकार एक, कळांची मांडणी जवळजवळ एक, चकाकीहि तीच. किंमतींत मात्र जमीनअस्मानाचें अंतर. स्वस्त वाद्य घेतलें तर मुलाच्या शिक्षणाचा पाया कच्चा राहील काय, आणि महाग घेतलें तर तो नुसता डौल ठरेल काय, अशा पेंचांत आईबाप सांपडतात. याचा उलगडा व्हावयास हा भेद मुळांत कोठून आला हें पाहणें अवश्य आहे. कारण तो वाटतो तितका जुना नाहीं.

अठराव्या शतकांतील युरोपीय बांसरी बहुधा लांकडी असे. तिला बोटांनीं झांकण्याचीं सहा छिद्रें आणि एखाददुसरी कळ असे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा बांसरीगुरु योहान योआखिम क्वांट्स यानें १७५२ सालीं या वाद्यावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तो अशाच बांसरीसाठीं होता. तिच्यावर कांहीं स्वर मोकळे व सुरेल निघत. कांहीं मात्र बोटांच्या आडवळणी मांडणीनें काढावे लागत, आणि ते दबके व किंचित् बेसूर उमटत. ते सांवरून घेणें हें वादकाच्या ओंठांचें व कानांचें काम. आपल्याकडील वेळूच्या बांसरीवर अर्धें छिद्र झांकून कोमल स्वर साधावा लागतो, त्याच जातीची ही कसोटी. वाद्य हस्तिदंताचें असो वा साध्या लांकडाचें, ही अडचण राजालाहि चुकत नसे. नवशिक्या व उस्ताद यांच्यामधील अंतर त्या काळीं मुख्यतः माणसांत होतें, वाद्याच्या रचनेंत नव्हतें.

हें चित्र पालटलें तें म्युनिकच्या एका सोनाराच्या मुलामुळें. थेओबाल्ड बोएम (१७९४–१८८१) स्वतः सोनारकाम शिकला होता आणि पुढें बव्हेरियाच्या दरबारीं बांसरीवादक झाला. १८३१ सालीं लंडन येथें त्यानें चार्ल्स निकल्सन याचें वादन ऐकलें. निकल्सनच्या बांसरीचीं छिद्रें नेहमींपेक्षां बरींच मोठीं होतीं व तिचा आवाज भरदार निघे. पण तीं लीलया झांकण्यास त्याच्यासारखे मोठे हात हवे होते. आपल्या बांसरीनें याची बरोबरी होणें नाहीं, हें बोएमनें ओळखलें. मात्र मोठ्या हातांची इच्छा करीत न बसतां त्यानें प्रश्नच उलटा केला. बोटें पोंचतील तेथें छिद्रें पाडण्याऐवजीं स्वराला हवीं तेथें व हवीं तेवढीं छिद्रें पाडावीं, आणि तेथवर बोटांची सत्ता कळांनीं पोंचवावी, असें त्यानें ठरविलें. १८३२ सालीं त्याची पहिली नवी बांसरी सिद्ध झाली. पुढें ध्वनिशास्त्राचा अभ्यास करून १८४७ सालीं त्यानें धातूची सरळ नळी व वर निमुळतें होत गेलेलें शिर, अशी रचना पुरी केली. आजच्या स्वस्त-महाग सर्व फ्लूटांचा सांगाडा तोच आहे. जें पूर्वीं एखाद्या असामान्य हातालाच साधत होतें, तें बोएमनें सामान्य बोटांच्या आटोक्यांत आणलें.

गंमत अशी कीं, या सोयीला विरोध झाला तो नवशिक्यांकडून नव्हे, उस्तादांकडून. पॅरिसच्या सुप्रसिद्ध संगीतविद्यालयांत १८३९ सालीं नव्या बांसरीचा विचार झाला. पण तेथील अध्यापक झाँ-लुई त्यूलू हा जुन्या बांसरीचा कट्टर अभिमानी होता, आणि तो १८५९ सालीं निवृत्त होईपर्यंत नव्या वाद्याला तेथील दार बंदच राहिलें. त्यूलूचा स्वतःचा बांसऱ्या बनविण्याचा धंदा होता, हें खरें. पण सारा दोष स्वार्थाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. ज्यानें जन्मभर जुन्या वाद्याच्या उणिवांशीं झुंजून त्यांतूनच आपली गोडी निर्माण केली, त्याला पुन्हां श्रीगणेशापासून बोटें वळवावयास सांगणें ही लहान गोष्ट नव्हे. त्याच्या जागीं आलेल्या लुई दोर्यूसनें १८६० सालीं बोएमची बांसरी विद्यालयांत रूढ केली. परंतु हा दोर्यूसहि जुन्या संवयीपासून अगदींच मुक्त नव्हता. जी-शार्प या स्वराचें छिद्र बोएमनें एरवीं उघडें राहील असें ठेविलें होतें. जुन्या बांसरीवर तें एरवीं झांकलेलें असे. दोर्यूसनें जुनी संवय मोडूं नये म्हणून तेथें बंद कळ बसविली. बोएमला ती तडजोड पसंत नव्हती. तिची घडण पुढें बदलली, तरी बंद कळच रूढ झाली. आजच्या मुलाच्या डाव्या करंगळीखालीं ती असते. पावणेदोनशें वर्षांपूर्वींच्या उस्तादांच्या संवयीची ती खूण आहे.

मग दुकानांतील दोन पेट्या आल्या कोठून? रचना एकदां ठरून गेल्यावर ती कारखान्यांत मोठ्या संख्येनें घडविणें शक्य झालें. नवशिक्याची बांसरी बहुधा जर्मन सिल्व्हरची असते, म्हणजे तांबें, निकेल व जस्त यांच्या मिश्रणाची. नांवांत चांदी असली तरी या मिश्रणांत ती नसते, फार तर वरून मुलामा असतो. उस्तादाची बांसरी चांदीची, क्वचित् सोन्याची. तिच्या पांच कळांना बहुधा मधोमध भोंकें असतात व तीं बोटाच्या टोकानें नेमकीं झांकावीं लागतात. तिच्या मुखरंध्राची कड कसलेला कारागीर हातानें घोटतो. यांपैकीं धातूचेंच माहात्म्य लोकांच्या मनांत फार. झॉर्झ बारेर या वादकासाठीं तर १९३५ सालीं प्लॅटिनमची बांसरी घडविण्यांत आली. परंतु १९७१ सालीं जॉन कोल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें चांदी, तांबें व लांकूड यांच्या, आंतून सारख्याच मापाच्या, नळ्या घेऊन प्रयोग केला, तेव्हां नुसत्या आवाजावरून त्या ऐकणारांना ओळखतां आल्या नाहींत. न पाहतां वाजविणाऱ्या वादकांनाहि नाहींत. स्वर अवलंबून असतो तो मुखरंध्राच्या कडेवर, नळीच्या मापावर आणि कळांच्या घट्ट बैठकीवर.

आईबापांनीं यांतून घ्यावयाचा बोध साधा आहे. पहिल्या बांसरीला चांदीची गरज नाहीं. पण तिच्या कळांखालच्या गाद्या छिद्रांवर चपखल बसल्याच पाहिजेत. एका गादीखालून जरी हवा निसटली तरी खालचे स्वर निघेनासे होतात, आणि मुलाला त्याचें कारण कळत नाहीं. त्याला वाटतें, आपलाच श्वास अपुरा, आपलेच ओंठ वाईट; आणि थोड्याच दिवसांत वाद्य कोनाड्यांत जातें. स्वस्ताईचा खरा तोटा तो हा. म्हणून बांसरी घेण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या वादकाकडून ती वाजवून घ्यावी, आणि अगदीं खालचा स्वर हलक्या फुंकरीनेंहि उमटतो कीं नाहीं तें ऐकावें. उंची बांसरीची वेळ पुढें येते. बोटें नेमकीं पडूं लागल्यावर व मुखरंध्राच्या कडेंतील सूक्ष्म फरक ओंठांना जाणवूं लागल्यावर. ती वेळ आली हें विद्यार्थ्यालाच आधीं कळतें. हवा असलेला स्वर त्याला मनांत ऐकूं येतो आणि हातांतील वाद्यांतून तो निघत नाहीं. १८३१ सालीं निकल्सनला ऐकून परतलेल्या बोएमची अवस्था याहून निराळी नव्हती.