बॅकलिंक म्हणजे काय? विकतच्या लिंक महागात का पडतात?

नवीन वेबसाइट सुरू केली की थोड्याच दिवसांत मालकाला मेसेज यायला लागतात. ‘काही हजारांत शेकडो बॅकलिंक, गुगलवर पहिला नंबर.’ ऑफर स्वस्त वाटते. पण हाच शॉर्टकट अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीला चांगलाच महागात पडला होता.

बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्या वेबसाइटने तुमच्या वेबसाइटची लिंक दिली, की ती तुमच्यासाठी बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना ‘पेजरँक’ ही पद्धत तयार केली. एखाद्या पानाला किती लिंक येतात आणि त्या देणारी पानं स्वतः किती महत्त्वाची आहेत, यावरून त्या पानाचं वजन ठरतं. गावातल्या चार जाणत्या माणसांनी एकाच डॉक्टरचं नाव सुचवावं, तसंच हे. आज गुगल इतरही बऱ्याच गोष्टी बघतं, पण लिंकचं महत्त्व संपलेलं नाही.

जेसीपेनीचं काय झालं?

२०१० च्या ख्रिसमस खरेदीच्या काळात जेसीपेनी ही दुकानांची साखळी ड्रेसपासून चादरींपर्यंत कित्येक सर्चमध्ये पहिल्या नंबरवर होती. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यामागचं कारण समोर आणलं. काडीचा संबंध नसलेल्या वेबसाइट्सवर कंपनीच्या हजारो लिंक पेरलेल्या होत्या. गुगलने कारवाई केली आणि ‘लिव्हिंग रूम फर्निचर’च्या सर्चमध्ये कंपनी दोन तासांत पहिल्या नंबरवरून ६८ व्या नंबरवर गेली. या लिंकशी आपला संबंध नाही, असं कंपनीने सांगितलं आणि एसईओ बघणाऱ्या फर्मला काढून टाकलं. पण नंबर घसरला तो कंपनीचाच.

आता नियम काय आहे?

रँकिंग वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. एप्रिल २०१२ मध्ये अशा लिंक पकडणारं ‘पेंग्विन’ अपडेट आलं. २०१६ पासून ते गुगलच्या मुख्य यंत्रणेचाच भाग आहे. बनावट लिंक बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात. प्रकरण गंभीर असेल तर थेट कारवाईही होते. जाहिरात म्हणून लिंक घ्यायला हरकत नाही, पण तिला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ असा टॅग लावावा लागतो.

मग लिंक मिळवायच्या कशा?

- लोकांच्या कामाची माहिती द्या. देवगडचा बागायतदार ‘अस्सल हापूस कसा ओळखायचा’ हे फोटोंसह नीट समजावून सांगत असेल, तर फूड ब्लॉगर आणि बातम्या देणारे त्या पानाची लिंक आपणहून देतात.
- ज्यांच्याशी खरोखर व्यवहार आहे, अशा डीलर, पुरवठादार आणि व्यापारी संघटनांच्या वेबसाइटवर आपलं नाव आणि लिंक आहे का, ते बघा.
- कुणी नाव छापलंय पण लिंक दिली नाही, तर एक साधा ईमेल करून विनंती करा.
- गुगल सर्च कन्सोल मोफत आहे. आपल्याला कोण लिंक देतंय, ते त्यात दिसतं.

एजन्सीला काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘लिंक कुठल्या वेबसाइटवर लागणार, त्यांची यादी दाखवाल का?’ उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.