घर पाडलं, पैसा फिरला. विटा कुठे गेल्या?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात जुन्या इमारती एकेक करून पत्र्याआड जातायत. साठच्या दशकात गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी कमी भाड्याची म्हणून बांधलेली ही घरं. पुढे भाडेकरू मालक झाले, आता टॉवर येतोय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणं कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाड्यावर. नवा फ्लॅट भाड्याने द्यायचा, त्या पैशातून बदलापूरला दुसरा घ्यायचा, असंही गणित मांडणारे आहेत. त्यात गैर काही नाही. पण पाडलेली इमारत जाते कुठे, हे कोणी विचारत नाही.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एक चाळ बांधायची, भाडं जमवायचं, त्यातून दुसरी उभी करायची, हा मुंबईतला गिरण्यांच्या काळापासूनचा धंदा. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. गरीब भाडेकरू वाचला, पण मालकाने इमारतीवर खर्च करणंच सोडलं. पागडी घ्यायची आणि गप्प बसायचं. इमारती इतक्या खचल्या, की १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर लावावा लागला. भाड्यातला पैसा भिंतीत परत गेला नाही, की भिंतीचाच राडारोडा होतो. हा पहिला धडा.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. आज आपण ज्या हार्बर लाइनने चेंबूरला जातो, तो कुर्ला-चेंबूरचा रूळ १९०६ मध्ये टाकला होता कचरागाड्यांसाठी. माणसांची गाडी आली १९२४ मध्ये. १९२७ पासून देवनार. शहर वाढलं तसा कचरा पूर्वेकडे, खाडीकडे सरकत राहिला. २०११ पासून तो आपल्या उशाशी, कांजूरला. तिथला वास कन्नमवार नगर आणि टागोर नगरवाल्यांना वेगळा सांगायला नको. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कांजूरची ती जागा संरक्षित वन ठरवली, पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. डम्पिंग चालूच आहे.

घर आणि कचरा या दोन गोष्टी एकदा थेट एकमेकांना भिडल्या होत्या. २०१६ मध्ये कचऱ्याची सोय नाही म्हणून उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या इमारतींच्या बांधकामालाच बंदी घातली. पुनर्विकासाला त्यातून सूट होती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी सैल केली, तीही राडारोडा ठरलेल्या जागीच टाकायचा या अटीवर. कचऱ्यामुळे बिल्डरांची गुंतवणूक दोन वर्षं अडकू शकते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. नंतर विसरलो.

इमारत पाडली की सळया, ग्रिल, दारं-खिडक्या भंगारवाला उचलतो. त्यांना भाव आहे, त्यामुळे त्या बाजारात परत येतात. उरलेल्या विटा, प्लास्टर, काँक्रीटला भाव नाही. त्यातलं कितीतरी रात्रीच्या डंपरने कांदळवनात किंवा रस्त्याकडेला पडतं. खरं तर काँक्रीट दळून खडी, वाळू, पेव्हर ब्लॉक होतात. त्यासाठी २०१६ पासून केंद्राचे नियम आहेत, आणि पालिकेने दहिसर आणि शिळफाट्याजवळ प्रकल्पही उभे केलेत.

आता कायद्याची गंमत बघा. घर विकून झालेला नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला, तर आयकरात सवलत मिळते. पैसा फिरवणाऱ्याला सरकार बक्षीस देतं. विटा फिरवणाऱ्याच्या वाट्याला मात्र वाहतुकीचा खर्च येतो. मग बिल्डर तो का करेल?

करेल, आपण लिहून घेतलं तर. ज्यांच्या सोसायटीचा करार अजून व्हायचाय, त्यांनी तीन गोष्टी मागा: राडारोडा कुठल्या प्रकल्पात जाणार याचा कलम म्हणून उल्लेख, प्रत्येक खेपेची वजनपावती सोसायटीला, आणि नव्या इमारतीच्या आवारात पेव्हर ब्लॉक फेरवापरातले.

सही करायच्या आधी बिल्डर ऐकतो. नंतर नाही.

कन्नमवार, टागोर नगर, पार्कसाइट, तुमच्या सोसायटीच्या करारात राडारोड्याचं कलम आहे का? बघा आणि खाली लिहा.