जीनोम कुणाच्या मालकीचा?

जीनोम सिक्वेन्सिंग ऐकायला अवघड वाटतं, पण कल्पना साधी आहे. ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला सुमारे 300 कोटी अक्षरांचा ग्रंथ एका दमात वाचता येत नाही. म्हणून त्याच्या अनेक प्रतींचे बारीक तुकडे करायचे, ते वाचायचे आणि जुळणारी टोकं शोधून कॉम्प्युटरवर पुन्हा सांधायचे.

मला यात विज्ञानाइतकंच मालकीचं भांडण महत्त्वाचं वाटतं. सरकारी पैशावरचा मानवी जीनोम प्रकल्प 1990 ला सुरू झाला. वाचलेलं 24 तासांत सगळ्यांना खुलं करायचं, असं शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये बर्म्युडात ठरवलं. 1998 ला क्रेग व्हेंटर यांची सेलेरा कंपनी शर्यतीत उतरली. तिला हीच माहिती पैसे घेऊन द्यायची होती.

मे 2000 उजाडला तरी सरकारी बाजूकडे तुकडे होते, सांधणारा प्रोग्रॅम नव्हता. कॅलिफोर्नियात सांताक्रूझला शिकणारा जिम केंट बसला आणि महिनाभरात त्यानं तो लिहून काढला. टायपिंगनं मनगटं इतकी दुखायची की रात्री बर्फ लावायचा पठ्ठ्या! 7 जुलैला जीनोमचा मसुदा इंटरनेटवर, फुकट.

नाहीतर काय झालं असतं? मिरियड कंपनी बघा. स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित बीआरसीए जनुकांची पेटंट तिच्याकडे होती. अमेरिकेत त्या तपासणीला 3000 डॉलरच्या वर मोजावे लागत. 13 जून 2013 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, नैसर्गिक डीएनएवर पेटंट नाही. त्याच दिवशी दुसऱ्या एका लॅबनं तपासणीचा दर जाहीर केला: 995 डॉलर.