टांकसाळीचे बंद दार

कोषागारात प्रशिक्षण घेत असताना व्हिक्टोरिया राणीची छाप असलेला एक जुना रुपया मी हातात घेऊन पाहिला होता. वजन 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, त्यात 12 पैकी 11 भाग शुद्ध चांदी. हे प्रमाण 1835 च्या कायद्याचे. त्या काळी कोणीही मुंबई वा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी न्यावी आणि शुल्क भरून रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. घरातली चांदी म्हणजे जणू रुपयेच.

1870 नंतर चित्र पालटले. अमेरिकेतील नेवाडाच्या खाणींतून चांदीचा लोंढा आला. जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारून आपली चांदी विकायला काढली. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया 1893 पर्यंत सव्वा शिलिंगावर घसरला. लंडनची देणी पौंडांत भागवताना हिंदुस्थान सरकारची दमछाक होऊ लागली. अखेर 26 जून 1893 रोजी टांकसाळींची दारे जनतेच्या चांदीला बंद झाली.

सरकारचा हिशेब सुटला. परंतु शेतकऱ्याची बचत पेढीत नव्हती. ती घरातल्या तोड्यांत नि वाळ्यांत होती. तीनच वर्षांनी, 1896 च्या दुष्काळात, ती मोडायची वेळ आली, तेव्हा रुपयाभर वजनाच्या चांदीला बाजारात रुपया मिळेना.

पुढे आदेशांचे मसुदे तयार करताना मला तो रुपया आठवे. ज्यांचा उल्लेख टिपणीत कोठेच नाही, त्यांना या आदेशाची किती किंमत मोजावी लागेल, हे सहीपूर्वी विचारण्याची सवय मला त्यानेच लावली.